पोटभाड्याचा सर्व्हर

“वर्षभर कर,” बाबा बोलले. “वर्ष झालं की बघू. पुढच्या वर्षाचं भाडं तुझ्या धंद्यातनं निघालं तर कर पुढं. न्हाय निघालं तर गपगुमान गोडाऊनला परत. कबूल?”

मी कबूल बोलले. दुसरं काय बोलणार? नोकरी आदल्याच दिवशी सोडून आले होते, तीही घरी कुणाला न विचारता. बाबांनी हे एकदाच सांगितलं, पण पुढं वर्षभर रोज सकाळी चहा पिताना ते माझ्या डोक्यात वाजायचं.

आम्ही भिवंडीजवळ काल्हेरला राहतो. बाबांचा छोटा टेम्पो आहे. दापोड्याच्या गोडाऊनमधून माल उचलायचा आणि दुकानांना पोचवायचा, हे त्यांचं काम. मीही दापोड्यालाच एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर चार वर्षं ड्युटी केली. कुठली गाडी आली, किती खोकी उतरली, कुठली गाडी कुठं गेली, हे टाइप करायचं आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या ऐकायच्या. शिव्या मी नुसत्या ऐकून घ्यायचे असं नाही. माझं डोकं पटकन सटकतं, हे अख्ख्या दापोड्याला माहीत आहे.

त्या डोक्यामुळंच हा धंदा सुरू झाला. आमच्या गोडाऊनची वेबसाइट एकदा तीन दिवस बंद पडली. शेठनी मला कंपनीला फोन लावायला बसवलं. कंपनी कुठली, कुठं बसलेली, देव जाणे. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मी एक दाबला, मग चार दाबला, मग नऊ दाबला, मग पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांनी मी त्या मशीनला असं काही झापलं की ऑफिसमधले सगळे कामं सोडून माझ्याकडे बघायला लागले. आमचे सुपरवायझर पोट धरून हसले आणि बोलले, “अगं, शिवी द्यायला तरी समोर माणूस पाहिजे ना!”

ते हसून विसरून गेले, मी काही विसरले नाही. मला वाटलं, खरंच की! भिवंडीत एवढे ट्रान्सपोर्टवाले, लूमवाले, गोडाऊनवाले. सगळ्यांना वेबसाइट पाहिजे, आणि बंद पडली की शिव्या द्यायला आपल्या भाषेतला माणूस पाहिजे. तो माणूस मी का नाही व्हायचं? मग सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायला लागले. सहा महिने शिकले आणि एका सोमवारी राजीनामा देऊन मोकळी झाले.

हा धंदा नक्की काय, हे बाबांना समजवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. वेबसाइट म्हणजे माल. माल ठेवायला जागा लागते. कुलूप, लाईट, वॉचमनसकट जागा, चोवीस तास उघडी. ती जागा पुरवायची, त्याला होस्टिंग म्हणतात.

“समजलं,” बाबा बोलले. “मग तुझं गोडाऊन कुठं हाय?”

“माझं नाही. मोठ्या कंपनीच्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, मोठी जागा वर्षाच्या भाड्यानं घ्यायची. तिचे बारके बारके कप्पे करायचे आणि आपल्या लोकांना द्यायचे.”

“म्हंजे पोटभाडं.”

मला असा राग आला! पोटभाडेकरू म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या जागेत घुसलेला तिसरा. मालक आला की गप बसणारा. मी एवढं शिकले ते ह्यासाठी? “पोटभाडं नाही, रिसेलिंग बोलतात त्याला,” मी फणकारले. बाबा नुसते हसले आणि टेम्पोची चावी घेऊन खाली गेले. पण तो शब्द माझ्या मनाला लागला तो लागलाच. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना ‘आमचा सर्व्हर’ असंच सांगायला लागले. खोटं नव्हतं तसं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

भांडवल म्हणाल तर आईच्या भिशीचं. बिल्डिंगमधल्या बायकांच्या भिशीत त्या महिन्यात आईचा नंबर लागला होता. त्यातून वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलेलं, मॉडेलसुद्धा बघून ठेवलेलं. आईनं ते पैसे माझ्यासमोर ठेवले आणि एवढंच बोलली, “हात हायत ना धुवायला.” त्यात माझी शिल्लक घातली आणि पहिल्या वर्षाचा सर्व्हर घेतला. उरलेल्यात एक सेकंडहँड लॅपटॉप आला. त्याची बॅटरी जेमतेम पाच मिनिटं टिकायची, म्हणून तो कायम भिंतीतल्या प्लगला बांधलेला. ऑफिस म्हणजे आमची आतली बारकी खोली, जिथं आधी गादी, कूलर आणि तांदळाची पोती असायची. पोती बाहेर गेली आणि मी आत गेले.

काय मजा होती त्या दिवसांत! पहिलं गिऱ्हाईक पडघ्याचे रोपवाटिकावाले काका. त्यांनी थोडे पैसे दिले आणि वर मोगऱ्याची सहा रोपं दिली. साईट चालू झाली त्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा फोन केला. “पोरी, आता मी उघडली. दिसली!” दहा मिनिटांनी, “आता माझ्या साडूनं उघडली. त्यालाबी दिसली!” पुढच्या आठवड्यात घाबरा फोन, “साईट बंद पडली गं.” मी बघितलं तर साईट ठणठणीत. “काका, साईट चालू आहे, तुमच्या घरचं नेट बंद पडलंय.” “मग ते चालू कर ना!” मी कपाळाला हात लावला. पण शेवटी त्यांचं नेटही मीच फोनवरून चालू करून दिलं. राऊटरची पिन त्यांच्या बकरीनं ओढली होती.

दुसरे आमचे लूमवाले, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना असलेले चाचा. त्यांची साईट चालू होऊन चार दिवस झाले आणि फोन आला, “बेटी, जुम्मे को मेरी वेबसाइट बंद रखना.”

मला वाटलं काहीतरी नाराजी झाली. “क्यों चाचा? क्या हुआ?”

“अरे, जुम्मे को लूम की छुट्टी रहती है ना. पार्टी साइट देखेगी, फोन करेगी, कारखाने में कोई उठाएगा नहीं. नाम खराब होगा.”

मी त्यांना समजवायला गेले की चाचा, वेबसाइट कधी बंद नाही ठेवत, जगात कुणीच नाही ठेवत. चाचा शांतपणे बोलले, “कारखाना बंद, तो शटर खुला रखते हैं क्या?” भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग मी बसून एक पाटी केली. दर शुक्रवारी साईट उघडली की आधी ती पाटी दिसायची, ‘आज कारखान्याला सुट्टी, उद्या सकाळी फोन करा.’ चाचा एवढे खूश झाले की त्यांच्या गल्लीतले आणखी तिघे लूमवाले शुक्रवारची पाटी बघून आले. कुठली मोठी कंपनी करून देणार हे? नऊ दाबा, दहा दाबा, अकरा दाबा, तरी नाही करून देणार.

असं करत करत दहा महिन्यांत अकरा गिऱ्हाइकं झाली. ऐकायला बरं वाटतं, पण पुढच्या वर्षाचं भाडं भरायला अकरा पुरत नव्हती. दोन महिने उरले होते. बाबा काही बोलत नव्हते, कधीच बोलत नव्हते, आणि त्यानं मला जास्तच धाकधूक व्हायची. जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं तरी मला वाटायचं, झालं, मनातल्या मनात मला डिस्पॅचच्या खुर्चीवर बसवून आले.

तेवढ्यात दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा फोन आला. त्यांच्या एका घरात सात धंदे. ट्रक, गोडाऊन, पाण्याचे टँकर, लग्नाचा लॉन, आणि काय काय. सातही धंद्यांच्या साईट एका ठिकाणी ठेवायच्या होत्या. मी त्यांच्या ट्रान्सपोर्टची नमुन्याची साईट दोन दिवसांत बनवून चालू करून दिली. त्यांना आवडली. हे सात आले असते तर माझं भाडं निघून वर चार पैसे उरले असते. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

मग शेठ बोलले, “एकच हाय. आमचे दादा बोलतात, जागा बघितल्याशिवाय माल ठेवाचा न्हाय. ते येतील गुरुवारी बघायला.”

दादा म्हणजे त्यांचे वडील. आणि जागा बघणं म्हणजे काय, हे गोडाऊनच्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथं कुणीही माल उतरवायच्या आधी जागा बघतो. भिंतीला हात लावून ओल आहे का बघायची, लादी पायानं दाबायची, उंदरांची बिळं बघायची. कागद कितीही चांगला असो, आमच्याकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. आता मी त्यांना काय दाखवणार? सर्व्हर कुठल्या गावात आहे, हे माझं मलाच नीट माहीत नव्हतं. सांगावं तर ‘म्हणजे तू पोटभाडेकरू’ हेच ऐकावं लागणार.

माझी गोडाऊनची मैत्रीण तेव्हा कामावरून येता-जाता माझ्याकडे चहाला थांबायची. ती बोलली, “दाखव ना मग! सर्व्हर कसा दिसतो हे त्या म्हाताऱ्यानं कधी बघितलंय? काळा डबा आणि लुकलुकणाऱ्या लायटी, बस.”

तेव्हा माझी अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. मला ते पटलं. बुधवारी आम्ही दोघींनी दारातलं चपलांचं लोखंडी रॅक घासून पुसून आत आणलं. भंगारातून दोन मेलेले सीपीयू उचलले, ते त्यात बसवले. मैत्रिणीनं एक जुना नेटवर्कचा डबा आणला, त्याला हिरव्या लायटी होत्या, पण त्या एवढ्या बारीक की दिसेनात. मग तिनं आमच्या गणपतीच्या मखराची दिव्यांची माळ माळ्यावरून काढून सीपीयूच्या मागून फिरवली. आई दारात उभी राहून बघत होती. “सत्यनारायणाला बसवतेस का काय ह्याला?” तिनं विचारलं. मी तिच्यावरच खेकसले.

गुरुवारी सकाळी बाबा कामावर गेले नाहीत. टेम्पो पंक्चर आहे बोलले. अकराच्या सुमाराला दादा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्यावर टोपी, हातात छत्री, आणि ताठ असा की मीच जरा सरळ उभी राहिले. आईनं चहा पुढं केला तर बोलले, “चहा मागनं. आधी जागा.”

आत आले. रॅककडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदा भिंतीला उलटा हात लावला, मग कोपऱ्यातली लादी अंगठ्यानं दाबली. “उंदीर?”

“नाहीत,” मी बोलले.

“एक हाय,” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

दादांनी मान डोलवली. मग ते रॅकसमोर उभे राहिले. लाल, हिरवी, पिवळी, लाल, हिरवी, पिवळी. बराच वेळ बघत होते. “आमच्या मखराला अशीच माळ हाय,” ते बोलले. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

“आता दार लाव. खिडकी लाव. लाईट बंद कर,” दादा बोलले.

चार वर्षं गोडाऊनमध्ये काढलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं! गोडाऊन बघायला आलेला जुना माणूस शेवटी हेच करतो. शटर खाली ओढायला लावतो, आत अंधार करतो आणि वर बघत उभा राहतो. पत्र्यात जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पावसात पाणी येणार. डोळे कितीही म्हातारे असले तरी अंधारात ते भोक दिसतंच. पण आमच्या वर पत्रा नव्हता, स्लॅब होता. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तोवर बाबांनी खिडकी आणि दार लावलं, आणि दादांनी स्वतःच भिंतीवर चाचपून खोलीचा मेन स्विचच खाली पाडला.

सगळं गेलं. ट्यूब गेली, पंखा गेला, आणि माझ्या रॅकवरची माळ, हिरव्या लायटी, सगळं एका झटक्यात विझलं. लॅपटॉपचा तेवढा उजेड होता, तोही मी घाबरून झाकला. मिट्ट अंधार. दादा वर बघत असावेत. “वरून कोरडं हाय,” त्यांचा आवाज आला. मग मोबाइलचा उजेड पेटला, त्यांनी मुलाला फोन लावला, आणि स्पीकर चालू.

“अरे, मी हितली लाईट घालवलीय. आपली साईट बघ जरा.”

“बघतो, दादा.” थोडा वेळ गेला. “चालू हाय, दादा. एकदम फास्ट!”

फोन बंद झाला. पुन्हा अंधार. बाबा दाराजवळ खोकले.

“पोरी,” दादा हळूच बोलले, “हितं लाईट न्हाय, मशीन बंद, आनि माल चालू. मग माल हाय कुठं?”

मला एवढी लाज वाटली की सांगता येत नाही. आणि लाज वाटली की मला राग येतो, राग आला की रडू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी अंधारातच भडाभडा बोलायला लागले. “इथं नाहीये! इथं काहीच नाहीये! ते चपलांचं रॅक आहे. माळ मखराचीच आहे. सर्व्हर लांब आहे, मोठ्या कंपनीचा, मी वर्षाच्या भाड्यानं घेतलाय आणि तुम्हाला त्यातला कप्पा देणार होते. पोटभाडं आहे सगळं, पोटभाडं! दाखवण्यासारखं काही नाहीये माझ्याकडं, काय दाखवू?”

अंधारात पहिल्यांदा एक खर्रखर्र असा आवाज आला. मला वाटलं म्हाताऱ्याला दम लागला. तर ते हसत होते! आणि दाराशी बाबाही. दोघं असे हसत सुटले की शेवटी आईनं बाहेरून दार उघडलं, काय झालं बघायला. उजेडात बघितलं तर दादा टोपी काढून टोपीनंच डोळे पुसत होते.

“चपलांचं रॅक!” ते बोलले, आणि पुन्हा हसले. मग खुर्चीत बसले आणि एकदम गंभीर झाले. “पोटभाड्याची लाज कशाला? माझा पहिला गाळा पोटभाड्याचाच होता. भिवंडीत अर्धा धंदा पोटभाड्यावर उभा हाय. पत्रा गळत असला तर मी पत्रा बदलून घेतो. पन गळतं ते झाकून ठेवलेलं दिसलं, तर त्या दारात पुन्हा जात न्हाय. समजलं?”

“समजलं,” मी नाक ओढत बोलले.

“आता खरं खरं सांग. मूळ मालकानं उद्या टाळं ठोकलं, तर माझ्या मालाचं काय?”

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ह्याच एका गोष्टीची मला पहिल्या दिवसापासून भीती होती, म्हणून ह्याचीच तयारी सगळ्यात पक्की होती. मी सांगितलं, दर रविवारी मी सगळ्या साईट उतरवून दोन डिस्कवर घेते. एक डिस्क घरात मुगाच्या डब्यात असते, आणि एक पडघ्याला मावशीकडे. बाबा हायवेला टेम्पोचं भाडं घेऊन निघाले की नेऊन देतात आणि आधीची घेऊन येतात. टाळं लागलं तर दुसऱ्या मालकाकडे जागा घ्यायची आणि संध्याकाळच्या आत सगळा माल तिथं लावायचा. “एकदा करून बघितलंय मी,” मी बोलले, “कुणाला न सांगता. चार तास लागले.”

“मुगाच्या डब्यात?” दादांनी विचारलं.

आई लगेच डबा घेऊन आली, जणू वाटच बघत होती. दादांनी मुगात हात घातला. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर बाबांचा जुना रुमाल बांधलेली डिस्क निघाली. त्यांनी ती तळहातावर तोलून बघितली. “माझे सातीच्या साती ह्यात मावतील?”

“सत्तर मावतील.”

“मग हे दाखवायचं सोडून मखर काय मांडलंस, येडे!”

ते मला येडे बोलले आणि मला एवढं बरं वाटलं! मग त्यांनी चहा घेतला, दोन कप. जाताना बोलले, “पहिल्यांदा दोन गाड्या उतरवतो तुझ्याकडं. ट्रक आनि लॉन. पाऊसकाळ नीट निघाला की बाकीचे पाच. अख्खं गोडाऊन पहिल्याच दिवशी कोन भरत न्हाय.”

दोन. सात नाही, दोन. मी बोटांवर हिशेब करून बघितला, भाड्याला पैसे अजून कमीच पडत होते. पण त्या दिवशी मला वाईट वाटेचना. मी मखराची माळ गुंडाळून माळ्यावर टाकली आणि चपला पुन्हा रॅकमध्ये लावल्या.

आणि मग काय झालं माहीत आहे? दादांनी ही गोष्ट दापोडेभर केली. चहाच्या टपरीवर, वजनकाट्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथं बसतील तिथं. काल्हेरच्या पोरीनं मला चपलांचं रॅक दाखवलं, आणि मग मुगाचा डबा दाखवला. मला अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. “चपलांच्या रॅकवाल्या ताई का?” पहिल्या फोनला मी चिडून कट केला. दुसऱ्याला कोण बोलतंय ते तरी विचारलं. तिसऱ्याला मीच बोलले, “हो, तीच. बोला, काय ठेवायचंय?” एक जण तर पत्नीला घेऊन आला, साईटचं काही बोललाच नाही, आधी रॅक बघितलं. बाई एवढी हसली की तिच्या केटरिंगचं काम तिथंच पक्कं झालं. जो यायचा त्याला मी पहिल्या वाक्यात सांगायचे, जागा माझी नाही, पोटभाड्याची आहे, आणि दुसऱ्या वाक्यात डबा दाखवायचे. आईनं मूग दुसऱ्या डब्यात काढून टाकले, सारखी सारखी उघडझाक होते म्हणून.

मुदतीला आठवडा होता तेव्हा भाडं जमलं. सगळं धंद्यातून, घरचा एक पैसा नाही. दुपारी बाबा जेवत होते तेव्हा मी त्यांच्या समोर बसून मोबाइलवरून पैसे भरले आणि स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली. “बघा! पुढचं वर्ष भरलं.”

“हं,” बाबा बोलले. मग आईकडे वाटी सरकवून बोलले, “आमटी वाढ.”

बस! वर्षभर जीव काढला आणि मला मिळालं काय, तर ‘हं’. शाबास नाही, बरं केलंस नाही. मी तिथून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन दापोड्याला गेले. सगळ्यांना पेढे द्यायचे होतेच, पण खरं सांगायचं तर मला सुपरवायझरांना तोंडावर सांगायचं होतं की आता माझी खुर्ची धरून ठेवू नका, मी येत नाही. माझ्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती आणि खटाखट टाइप करत होती. सुपरवायझरांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघायला लागले.

“कुठली खुर्ची?” ते बोलले. “हिला बसवून वर्ष होईल आता. तू गेलीस त्याच आठवड्यात तुझे बाबा आले होते की. बोलले, पोरगी परत यायची न्हाय, तिच्यासाठी थांबू नका, दुसरं कोनी बघा. एवढं ठासून बोलले, मग आम्ही भरून टाकली.”

मी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि बाजूच्या स्टुलावर बसले. त्या मुलीनं मला पाणी आणून दिलं. बाहेर येऊन रिक्षात बसले, आणि असं रडू आलं की रिक्षावाल्यानं विचारलं, “मॅडम, हॉस्पिटल लेना है क्या?”

घरी आले तेव्हा बाबा बिल्डिंगखाली टेम्पोची काच पुसत होते. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बाबा, गोडाऊनला काय सांगून आला होतात?”

त्यांनी फडकं बादलीत बुचकळलं. मग पुन्हा काच पुसायला लागले.

“वर्षभर मी जीव मुठीत धरून काढलं! रोज वाटायचं, आज हरले, उद्या हरले, आता गेले परत त्या खुर्चीवर. आणि तुम्ही खुर्ची पहिल्याच आठवड्यात देऊन आलात? मग मुदत कशाला दिली होतीत मला?”

“मुदत न्हाय दिली असती तर तू नऊच्या आधी उठली असतीस का?”

मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. दोन्ही एकदमच झालं. वरून बाल्कनीतून आई बघत होती, तिला हे सगळं माहीत होतं हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

“आणि नसतं जमलं तर?” मी विचारलं. “नसतं निघालं भाडं, तर काय करणार होतात?”

बाबांनी फडकं पिळलं आणि आरशावर वाळत टाकलं.

“काय कराचं? बोललो असतो, गोडाऊनवाले घेत न्हायत गं तुला. आता बघ बाई, आनखी एक वर्ष तुझं तूच.”